चौदा बोल्ट

संस्थेची संचालक म्हणून माझं मुख्य काम
पार्किंग.
लोक हसतात.
त्यांना वाटतं, मी कड्यावर लटकून सह्या करते.

केंटकीच्या पूर्वेला, टॅलो क्रीकच्या काठी
एकवीस गाड्या मावतील एवढी खडी,
एक कोरडा संडास, एक पाटी.
एवढ्यासाठी तीन वर्षं, दोन वकील,
बत्तीस पानी विमा
आणि व्हर्लिन स्टॅम्परच्या पडवीत प्यालेला
दात शिवशिवतील इतका गोड थंड चहा.

कडा त्याचा. म्हणजे आजोबांचा.
त्याआधी कोळशाच्या कंपनीचा.
त्याही आधी कुणाचा, ते कागदांत नाही,
पण कपारीत, दगडातच कोरलेलं
एक उखळ आहे,
पावसाळी वाऱ्यानं त्यात पानं साठतात.

व्हर्लिन दर वेळी नाही म्हणायचा,
दर वेळी ग्लास भरायचा.
एकदा म्हणाला, "पडलं कुणी, तर?"
मी बत्तीस पानं काढली.
"ते नव्हे. त्याच्या आईला फोन कोण करणार?"
मी म्हटलं, मी.
आजवर दोनदा केलाय.
तो बराच वेळ कुत्र्याचे कान खाजवत राहिला.
मग पेन मागितलं.
अट एकच: स्टॅम्परांच्या थडग्यांकडे
कुणी गाडीचं तोंड करून लावायची नाही,
रात्री दिवे पडतात त्यांच्यावर.

पाटीवर हेही लिहिलंय.
लोक याचाही फोटो काढतात.

यंदा मार्चमध्ये इनेझ बाउलिंग आली,
गुडघ्यांना रबर बांधून, भिंग घेऊन,
आणि कपारीतल्या वाळूत रांगत राहिली दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.
वीतभर झाड. पांढरी लव असलेली पानं.
ऊन नाही, पाऊस नाही, तरी उभं.
"सदतीस आहेत," ती म्हणाली, "होती शंभरावर."
मग माझ्या बुटांकडे पाहिलं.
मी पाय उचलला, आणि ठेवायला जागा सापडेना.

बरोबर तिथेच उभं राहून दोर धरावा लागतो
"क्लेटची उधारी" चढणाऱ्याचा.
ही वाट आम्ही लावलेली,
मी तेवीस वर्षांची, क्लेट चोविसाचा,
बोल्टचे पैसे त्याचे, ड्रिल चोरून आणलेलं.
वाट लावली, असं सांगत फिरायचो गावभर.
त्या शब्दांचा दुसरा अर्थ
तेव्हा ऐकू येत नव्हता.

बैठकीत सात हात वर गेले, दोन गेले नाहीत.
टेट नावाचा पोरगा म्हणाला,
"वर्गणी आम्ही चढायला भरतो. गवताला नाही."
त्याचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही.
मी इतिवृत्तात त्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं.

काल गेले. एकटीनंच, वरून दोर सोडून,
वाळूला पाय न लावता.
बोल्ट निघताना दगड कुरकुरतो,
दाढ काढताना आतून ऐकू येतं तसं.
नवव्यापाशी थांबले.
तिथे क्लेट नेहमी शिवी द्यायचा, ठरलेली एक,
मग हसायचा आणि हात पोचायचा.
दुसरा फोन त्याच्या आईला होता.
तो पडला तो कडा वेगळा, राज्यही वेगळं.
तिनं विचारलं होतं, जेवला होता का सकाळी?

भोकं बुजवली. राळेत इथलीच वाळू कालवून,
अंगठ्यानं दाबून.
चार पावलांवरून आता मलाही दिसत नाहीत.
चौदा बोल्ट खिशात, विजार एका बाजूला ओघळलेली.

त्या झाडांनी काही केलं नाही.
करायचं कारणही नव्हतं.

खाली आले तर बावीस गाड्या.
बाविसावी चक्क थडग्यांकडे तोंड करून.
वायपरखाली ठेवायला चिठ्ठी लिहायला घेतली,
"कृपया" लिहिलं, खोडलं, परत लिहिलं,
आणि पेन चालेना म्हणून
बॉनेटवर बसून वाट पाहत राहिले
कुणाची गाडी आहे ती.